बाविसावा नियम

सभा अकराची होती, म्हणून अण्णा पावणेअकराला येऊन बसले आणि अकरा वाजून एक मिनिटाने त्यांनी दाराला आतून कडी घातली. बस डेपोत चौतीस वर्षं टाइमकीपर म्हणून काढलेला माणूस याहून वेगळं काय करणार?

बाहेरून धाकट्या भावाने दार वाजवलं.

"नियम तीन," अण्णा आतून म्हणाले. "उशिरा येणाऱ्याला प्रवेश नाही."

"अण्णा, बिस्किटं माझ्याकडे आहेत."

आत थोडी कुजबुज झाली आणि कडी निघाली. धाकटा दाताचा डॉक्टर असल्यामुळे बिस्किटं नेहमी बिनसाखरेची आणायचा. ती कोणालाच आवडत नसत, पण सभेचा पुडा फोडल्याशिवाय सभा सुरू झाली असं कोणाला वाटतही नसे.

सूनबाईने वही उघडून तारीख घातली. ती कोर्टात स्टेनो होती. आठवडाभर लोकांची भांडणं टिपायची आणि वर्षातून एका रविवारी सासरची. नवरा सहा महिने जहाजावर असल्यामुळे त्यांच्या घराचं मतही तिच्याकडेच होतं. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या आठवड्यात सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, तिच्या हातात नियमांचं पुस्तक ठेवलं होतं, एक्केचाळीस नियमांचं. तिला वाटलं होतं, गंमत करताहेत. दुसऱ्या आठवड्यात तिने कठड्यावर ओलं पायपुसणं वाळत घातलं आणि गंमत नाही हे कळलं. तो नियम नववा.

दादांनी, म्हणजे अण्णांच्या वडिलांनी, ही तीन मजली इमारत स्वतः उभी केली आणि चारही मुलांना एकेक आणि पाचवा अण्णांच्या मुलाला असे फ्लॅट दिले. ते गेल्यावर त्यांचा तळमजल्याचा फ्लॅट सभेसाठी मोकळा ठेवला गेला. वर्षभरातलं भांडण सभेत यायचं, सभेत आलं की त्याचा नियम व्हायचा, अशी रीत पडली. त्यामुळे या घरात नियमांना नुसते आकडे नव्हते, चेहरेही होते. चौदावा म्हटलं की सगळे अण्णांच्या पाठच्या, रंगारी भाऊंकडे बघायचे आणि एकोणिसावा म्हटलं की धाकट्याकडे, कारण दिवसभर लोकांच्या तोंडात बोटं घालून आल्यावर तो ट्रम्पेट वाजवायचा.

जिना धुण्याच्या पाळ्या झाल्या. गच्चीवरच्या दोऱ्यांची वाटणी झाली. भाऊ दोनदा चिडले आणि एकदा निघून जातो म्हणाले, पण ते दरवर्षीचंच होतं. अण्णांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, चहा घेऊन आल्या. घरटी एक माणूस असा नियम होता, तरी त्या प्रत्येक सभेला असायच्या. चहा ठेवल्यावर परत जावं असं नियमात कुठे लिहिलंय, असं त्यांनी एकदा विचारलं होतं आणि अण्णांना ते पुस्तकात सापडलं नव्हतं.

"शेवटचा विषय," अण्णा कागद डोळ्यांपासून लांब धरत म्हणाले. "अक्काने दिलाय. नवीन रहिवासी. म्हणजे काय गं? भाडेकरू ठेवतेस की काय?"

अक्का उभी राहिली. ती अण्णा आणि भाऊंपेक्षा लहान. पण सहा वर्षांची असल्यापासून थोरलेपणा करायची, म्हणून थोरले भाऊही तिला अक्काच म्हणत. चष्म्याच्या दुकानात काचा घासून देण्याचं काम ती करायची. तिच्याकडे बघताना माणसाला वाटायचं, आपल्यात कुठे ओरखडा आहे का ते ही तपासतेय. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"बाविसाव्या नियमाप्रमाणे विचारतेय," ती म्हणाली. "कोणाच्याही घरात नवीन माणूस कायमचा राहायला आणायचा तर पाचही घरांचे हात वर पाहिजेत. एक जरी खाली राहिला तरी नाही."

"माझ्या मित्रामुळे केला होता तो," धाकटा अभिमानाने म्हणाला. "दोन दिवसांसाठी आला होता, नऊ महिने राहिला."

"तर मी लग्न करतेय," अक्का म्हणाली. "आणि ते माझ्याकडे राहायला येणार आहेत. हात वर करा."

सूनबाईच्या हातातलं पेन थांबलं. कोर्टात खुनाची कबुली लिहितानासुद्धा ते थांबलं नव्हतं.

मग जो गोंधळ झाला तो कोणालाच लिहिता आला नसता. वहिनींनी ट्रे खुर्चीवर ठेवला, खुर्चीवर भाऊ बसायला गेले, धाकटा "अक्का! अक्का!" म्हणत तिला गरागरा फिरवू लागला आणि दोन कप सतरंजीवर लवंडले. "कोण? कोण आहे?" असं सगळे विचारत होते आणि उत्तर ऐकायला कोणी थांबत नव्हतं. अण्णा तेवढे टेबलावर पट्टी आपटून "एकेकाने! एकेकाने!" म्हणत होते, पण त्यांच्याही मिशीखाली हसू होतं.

"आपले प्लंबर," अक्का म्हणाली.

सगळे एकदम गप्प झाले.

अक्काने या शांततेची चार महिने तयारी केली होती. तो काय शिकलाय, तो कुठे राहतो, लोक काय म्हणतील, छप्पन्नाव्या वर्षी हे काय सुचलं, या सगळ्याची उत्तरं तिने काचा घासता घासता पाठ केली होती. त्यातलं एकही कामाला आलं नाही.

"मग आपलं पाणी कोण बघणार?" भाऊ घाबऱ्या आवाजात म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे काय? चौदावा नियम! इमारतीत राहणाऱ्याने इमारतीचं काम करायचं नाही!"

हे मात्र खरं होतं. भाऊ रंगाची कामं घ्यायचे. वीस वर्षांपूर्वी त्यांनी घरचाच म्हणून जिना रंगवायला घेतला आणि कुठल्याशा कामातून उरलेला जांभळा रंग वापरला. परक्या माणसाला चार शब्द सुनावता आले असते. भावाला सुनावलं तर दोन वर्षं अबोला पडला. तेव्हा अण्णांनी नियम केला, की ज्याला ओरडता येत नाही त्याला काम द्यायचं नाही. जिना अजून जांभळाच होता.

आणि या इमारतीचं पाणी म्हणजे काही सरळ प्रकरण नव्हतं. दादांनी नळ कसे टाकले होते ते दादांनाच ठाऊक. अक्काचा नळ गळला की तळमजल्यावर सूनबाईच्या स्वयंपाकघरातला कॉक बंद करावा लागे. भाऊंच्या मोरीतला कॉक फिरवला की अण्णा अंगाला साबण लावून कोरडे उभे राहात. दादांचा नकाशा कधीच हरवला होता. पंचवीस वर्षं या भिंतींना कान लावलेला एकच माणूस होता, आणि त्याच्याशी अक्का लग्न करत होती.

"नवरा काय, दुसराही मिळेल," धाकटा कळवळून म्हणाला. "असा प्लंबर नाही मिळणार गं."

"लाज वाटते का काही?" वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, तुमच्या नळाला पाणी आलं नाही ना, की कळेल."

"मी सांगू का," भाऊ खुर्ची पुढे सरकवत म्हणाले, "यावर उपाय आहे. चौदावा नियमच काढून टाका. मी लगेच हात वर करतो."

"आणि जिना?" अण्णांनी विचारलं.

"जिना मी रंगवीन ना. या वेळी पिवळा."

"मरेपर्यंत नाही!"

"मग माझा हात खाली."

"तसं असेल तर," धाकटा म्हणाला, "एकोणिसावाही काढा. संध्याकाळी सात ते आठ, फक्त एक तास ट्रम्पेट. मग माझा हात वर."

"सात ते आठ माझी मालिका असते!" वहिनी, ज्यांना मत नव्हतं, त्या म्हणाल्या.

"दार लावून घ्या."

"दार लावून? अहो, तुमचं ते वाजायला लागलं की दाराच्या काचा थरथरतात. भाऊजी, तुम्ही पिवळं करा नाहीतर हिरवं करा, पण याला हो म्हणू नका!"

"वहिनी माझ्या बाजूने!" भाऊ ओरडले. "लिही गं, सूनबाई."

सूनबाई भराभर लिहीत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. पाच मिनिटांपूर्वी भाऊ आणि धाकटा एकमेकांविरुद्ध होते, आता अण्णांविरुद्ध एक झाले होते. वहिनी नवऱ्याला सोडून दिरांकडे गेल्या, तिथून परत आल्या आणि आता दोघांनाही बोल लावत होत्या. मग तिचंही डोकं चालायला लागलं. तिने पेन वर केलं.

"माझी पण एक विनंती होती. तो पायपुसण्याचा..."

"बस!"

अक्काचा आवाज एवढा मोठा कधी झाला नव्हता. सूनबाईने पेन खाली घेतलं. तिला आपलीच शरम वाटली.

"मी काय मागितलं तुमच्याकडे?" अक्का म्हणाली. "हात वर करा म्हटलं. तुम्ही इथे दुकान मांडून बसलात. याला पिवळा जिना पाहिजे, त्याला पिपाणी पाहिजे..."

"ट्रम्पेट," धाकटा हळूच म्हणाला.

"गप बस! त्यांची खोली आहे, हार्डवेअरच्या दुकानावर. मी उद्या बॅग भरून जाऊ शकते तिथे, कोणाचा हात लागत नाही त्याला. पण का जाऊ? माझं घर आहे वर. खिडकीतून सकाळी जो उजेड येतो ना, तसा मला दुसरीकडे कुठे मिळाला नाही. मला नवराही हवाय आणि घरही हवंय. दोन्ही. आणि तुम्हीही सगळे हवेत, काय करू, खोडच आहे माझी. पण आज नाही मिळाले हात, तर मी जाणार. मग बसा एक्केचाळीस नियम कुरवाळत."

आणि ती कडी काढून बाहेर गेली.

जिन्यात प्लंबर उभा होता. तिने त्याला बाराला ये म्हणून सांगितलं होतं आणि तो साडेअकरापासून पहिल्या पायरीवर होता. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, आणि खांद्याला नेहमीची हत्यारांची पिशवी.

"पिशवी कशाला आणलीत?" अक्काने डोळे पुसत विचारलं.

"सवयीने. अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं." त्याने तिच्याकडे नीट बघितलं. "नाही म्हणाले?"

"विकायला काढलं मला."

"किती आलं?"

अक्काला रडता रडता हसू फुटलं. हेच त्या माणसाचं तिला आवडायचं. चार महिने तो तिच्या घरी मोठा कागद पसरून काही काढत बसायचा, ती समोर बसून त्याच्या बारीक अक्षरातल्या चुका दाखवायची, आणि तो दर वेळी असंच काहीतरी बोलून तिला हसवायचा. अकरा वर्षांत तिच्या घरात हसण्याचा आवाज बाहेरूनच यायचा, आता आतून यायला लागला होता. ते सुटू नये म्हणून तिने त्याची बाही धरून ठेवली.

"चला आत," तो म्हणाला. "कागद दाखवून टाकू."

आत सगळे माना खाली घालून बसले होते. प्लंबर आल्यावर भाऊंनी सवयीने विचारलं, "मेन कॉक बंद करू का?"

"नको, बसा." त्याने पिशवीतून गुंडाळी काढली आणि टेबलावर उलगडली. चार कोपऱ्यांना बिस्किटांचे तुकडे ठेवले, ते निदान वजनाला बरे होते. "अण्णा, हा तुमच्या इमारतीचा नकाशा. सगळे नळ, सगळे कॉक. ज्याचं घर त्याचा रंग. हा कागद हातात असला की उद्या कुठलाही प्लंबर येऊन काम करेल. माझी गरज नाही."

सगळे वाकले. निळा अण्णांचा, लाल भाऊंचा, हिरवा अक्काचा. सगळे रंग स्वतःच्या घरातून निघून दुसऱ्याच्याच घरात जाऊन थांबले होते.

अण्णा बराच वेळ बघत राहिले. मग ते एकेका रेषेवरून बोट फिरवू लागले.

"माझा कॉक भाऊकडे. भाऊचा माझ्याकडे. अक्काचा खाली, खालचा अक्काकडे. अरे, अबोला होता तेव्हासुद्धा मला याच्या दारात जावं लागायचं! कोणी एकट्याने राहू नये म्हणून दादांनी मुद्दाम असे नळ टाकले. केवढी ही दूरदृष्टी!"

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. भाऊंनी अण्णांच्या पाठीवर हात ठेवला.

प्लंबर अवघडून खाकरला. "अण्णा, राग मानू नका. नळ टाकताना दादांनी नकाशा उलटा धरला होता."

"काय?"

"हा कागद असा फिरवा, घरं मात्र मनात जागच्या जागी ठेवा. वरचा मजला खाली, डावं उजवीकडे. बघा, प्रत्येक कॉक बरोबर ज्याच्या त्याच्या घरात."

धाकट्याने कागद फिरवला. सगळ्यांनी बघितलं. पहिल्यांदा सूनबाईच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, मग वहिनींच्या, आणि मग भाऊ जमिनीवर बसून मांडीवर थापा मारायला लागले. तीस वर्षं! तीस वर्षं आंघोळीच्या मध्यावर टॉवेल गुंडाळून एकमेकांची दारं ठोठावली होती. धाकटा भिंतीला टेकून हुंदके दिल्यासारखा हसत होता. अण्णांनी थोडा वेळ दादांची बाजू राखायचा प्रयत्न केला, पण त्यांनाच ठसका लागला.

"आणि तुम्ही काय करणार?" भाऊंनी डोळे पुसत प्लंबरला विचारलं. "काम सुटलं की तुमचं."

"मी रहिवासी होणार. पंचवीस वर्षं तुमच्या तक्रारी ऐकल्या. आता मी तक्रारी करणार."

"हा आपलाच माणूस आहे," भाऊ म्हणाले आणि त्यांचा हात वर गेला. "जिना जांभळा राहिला तरी चालेल."

धाकट्याने दोन्ही हात वर केले, त्यातला एक वहिनींनी खाली ओढला. सूनबाईने पेनासकट हात वर केला. अक्काचा तर केव्हाचा वरच होता. चार झाले. पाचवा अण्णांचा.

अण्णांनीही तो वर करायचा ठरवलं होतं, अगदी मनापासून. उजवा हात टेबलावरून उचलला, छातीपर्यंत आणला, आणि खांद्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. तीन महिने हे चाललं होतं. डॉक्टर म्हणाले होते, खांदा आखडलाय, वर्ष लागेल. त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण पाचवा नियम त्यांनीच लिहिला होता. ज्याला गच्चीवरच्या टाकीची शिडी चढता येत नाही, त्याने सेक्रेटरी राहू नये. भाऊंचे गुडघे तेव्हाच गेले होते आणि सेक्रेटरीपद त्यांच्याकडे न जाता अण्णांकडेच राहावं म्हणून हा नियम होता. सही, शिक्का, वही, पट्टी. डेपो सुटल्यावर तेवढंच तर हातात उरलं होतं.

त्यांनी हात परत टेबलावर ठेवला.

"अण्णा?" अक्का म्हणाली.

डावा हात वर करावा, तर नियमांच्या पुस्तकात पहिल्या पानावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, मताला हात उजवाच.

"अण्णा, अजून काय राहिलं?" तिचा आवाज बारीक झाला. "सांग ना, काय चुकलं?"

प्लंबर खाली बघून नकाशा गुंडाळायला लागला. तो आवाज अण्णांना सहन झाला नाही.

"अगं, जात नाही वर!" ते ओरडले. "हात वर जात नाही माझा! तीन महिने झाले! शिडीला हात घालता येत नाही, शर्ट घालता येत नाही, घ्या, लिहा वहीत!"

"म्हणून सकाळी बाथरूममध्ये अर्धा अर्धा तास होय!" वहिनी कपाळावर हात मारत म्हणाल्या. "अहो, मला नाही का सांगायचं?"

"म्हणजे पाचव्या नियमाप्रमाणे..." भाऊंनी सुरुवात केली. मग थोरल्या भावाचा चेहरा बघितला आणि एक बिस्कीट तोंडात कोंबलं.

अक्का टेबलाला वळसा घालून आली. तिने एका हाताने अण्णांचं कोपर धरलं, दुसऱ्याने मनगट, आणि काच उचलावी तसा त्यांचा हात हळूहळू वर नेला. छातीच्या वर, हनुवटीच्या वर, कानाच्या वर. अण्णांनी दात घट्ट आवळले होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, ते सगळं काही खांद्याचं नव्हतं.

"फार दुखतंय ना?" तिने विचारलं. "खाली घेऊ?"

"थांब," अण्णा म्हणाले. "मोजणी होऊ दे."